निळ्या गाडीची वायर

"फिरवा, वकीलबाई," रसूल मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला.

आत्तीनं किल्ली फिरवली. समोरचे लाल दिवे लागले, पेट्रोलचा काटा हलला, पण इंजिनातून काहीच आवाज आला नाही. स्टार्टरची साधी 'टक'सुद्धा नाही.

"हॉर्न द्या."

हॉर्न एवढा मोठा वाजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"बघा," मिस्त्री माझ्याकडे वळला. "बॅटरीत जीव आहे, नवीच आहे. स्टार्टर मी खोलून साफ केला, टेबलावर भिंगरीसारखा फिरत होता. आणि ही गाडी ढकलून चालू करायचीही सोय नाही. ऑटोमॅटिक आहे, ढकलून नुसती पुढं जाते."

आत्ती गाडीतून उतरली. आधी कुबडी बाहेर, मग उजवा पाय, मग दोन्ही हातांनी उचललेला डावा. त्या पायाला लहानपणापासून लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. "ऊन झालंय. चहा घेऊन जा, रसूल," एवढंच म्हणून ती घरात गेली.

मिस्त्रीनं चहा घेतला नाही. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यानं मागं वळून घराच्या वरच्या मजल्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ताई, एक बोलू? ही गाडी बिघडत नाही. बिघडवली जाते."

"कशावरून?"

"मला निरोप येतो, मी दुसऱ्या दिवशी येतो. आलो की गाडी पहिल्या किल्लीला चालू. मी गेलो की चार-आठ दिवसांत परत बंद. मी येणार हे माहीत असणारं कुणीतरी ती चालू करून ठेवतं आणि मी गेल्यावर बंद करतं. आज तुम्ही मला घरात न कळवता घेऊन आलात, तर पहिल्यांदाच माझ्यासमोर बंद सापडली. मी इंजिनचा माणूस. वायरिंग तुम्ही बघा. आणि माणसंही बघा."

तो सायकलवर बसून गेला. मी तिथंच उभी राहिले. वरच्या गॅलरीत माझा चुलतभाऊ धन्यकुमार उभा होता. मी वर बघितल्यावर तो आत गेला.

ही सांगलीतली गोष्ट आहे, मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. आमच्या गावाकडं वडिलांच्या बहिणीला आत्ती म्हणतात. माझी आत्ती, विमल शिरगुप्पे, सांगलीच्या कोर्टात फौजदारी वकील होती. लग्न केलं नाही. पोलिओनं डावा पाय गेलेली मुलगी कोर्टात उभी राहते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे, नंतर पक्षकार होऊन यायला लागले. एक परदेशी डॉक्टर मायदेशी परत जाताना त्याची आकाशी निळ्या रंगाची लांबलचक अमेरिकन गाडी विकायला निघाला, ती आत्तीनं घेतली. त्या गाडीला क्लच नव्हता. डाव्या पायाला कामच नव्हतं. चालवायला उजवा पाय आणि दोन हात पुरत. मिरज, जयसिंगपूर, इस्लामपूर, सगळी कोर्टं आत्तीनं त्याच गाडीतून केली.

आणि आता कित्येक महिने ती गाडी धड चालत नव्हती. आत्ती रिक्षानं कोर्टात जाई. बाहेरगावची कामं तिनं हळूहळू दुसऱ्या वकिलांकडं सोपवली होती.

माझे वडील, आण्णा, तिचे थोरले भाऊ. त्यांना पहिल्यापासून धन्यकुमारचा संशय होता. धन्या आमच्या धाकट्या काकांचा मुलगा. आईबाप लवकर गेल्यावर आत्तीनंच त्याला वाढवलं. तो, त्याची बायको राजश्री आणि लहानगी अनू वरच्या मजल्यावर राहत. धन्याचं टाइल्सचं दुकान होतं, भाड्याच्या जागेत. आणि आत्तीचं गॅरेज मात्र अगदी रस्त्याला लागून. शिवाय मध्यंतरी त्यानं जुन्या गाड्या विकत घेणारा पुण्याचा एक माणूस घरी आणला होता. आत्तीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी बंद पडायला लागली.

"तू जा, त्रिशला," आण्णा मला इचलकरंजीत म्हणाले होते. "वायरिंग तुला कळतं. काय दिसेल ते मला सांग, तिला नको. तिचा जीव आहे त्या पोरावर. तिच्यासमोर पुरावाच ठेवायला पाहिजे. मी रविवारी सकाळी येतो."

दुपारी आत्ती पडली होती तेव्हा मी टॉर्च आणि टेस्ट लॅम्प घेऊन गॅरेजात गेले. गाडीत पाय बाहेर ठेवून पाठीवर झोपले आणि डोकं पेडलांपाशी नेलं.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'वर असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. नाहीतर किल्ली फिरवताक्षणी गाडी उडी मारेल. ते राखायला स्टिअरिंगच्या खांबाखाली एक छोटा स्विच असतो. त्याला दोन वायरी. त्यातली एक सुटली की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सगळं ठीक दिसतं, फक्त स्टार्टरपर्यंत करंट पोचत नाही.

एक वायर सुटलेली होती. तिच्या टोकाचा पितळी चिमटा आतून चकचकीत झाला होता, पुन्हा पुन्हा काढला-घातला की होतो तसा. आणि ती लोंबत नव्हती. मागं वळवून एका पट्टीत नीट खोचलेली होती. वायर आपोआप सुटू शकते, आपोआप खोचली जात नाही.

मी तशीच पडून विचार करत राहिले. गॅरेजची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला असे, घरातल्या कुणालाही घेता येण्यासारखी. कामवाल्या बाईला गाडीतलं काही कळत नव्हतं. राजश्री गाडीच्या जवळही जात नसे. आत्तीला तर त्या पायानं असं जमिनीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरणं शक्यच नव्हतं. राहिलं कोण?

मी वायर लावली, सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली. तो जाड, संथ आवाज मी लहानपणापासून ओळखत होते.

आत्ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं.

"काय होतं?"

"कनेक्शन लूज होतं," मी म्हणाले.

"कुठलं?"

"खालचं एक."

"हं," आत्ती म्हणाली.

तेवढ्यात धन्या जिना उतरून आला. पायात चप्पलसुद्धा नव्हती. "चालू झाली?" त्यानं मला नाही, आत्तीला विचारलं.

मी ठरवून टाकलं. "आत्ती, उद्या आण्णा येतायत. तू गाडी काढ. आपण सगळे कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जाऊ. किती दिवसांत गेलो नाही."

आत्ती थोडं थांबून म्हणाली, "जाऊ की."

"उद्याच नको," धन्या पटकन म्हणाला. "टायर बघायला पाहिजेत. उभ्या उभ्या हवा गेलीय. ब्रेकही तपासून घेऊ. पुढच्या आठवड्यात जा."

"टायर चांगले आहेत," मी म्हणाले. "मी बघितलेत."

"तू बघितलेत, मिस्त्रीनं बघितलेत का?"

"तुला एवढी काळजी कशाची आहे, धन्या?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. गाडी बंद करून मी किल्ली आत्तीच्या हातात दिली.

आत्तीकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होत. ताटं काढायला अजून वेळ होता. मी पुन्हा एकदा गॅरेजात गेले आणि त्या पितळी चिमट्याला अन् आजूबाजूच्या वायरीला काळं ग्रीस चोपडून ठेवलं. ते सहजी दिसण्यासारखं नव्हतं, आणि सहजी धुतलंही जाणार नव्हतं.

जेवताना राजश्रीनं कुंभोजला न्यायला डबा करू का म्हणून विचारलं. "कर की," आत्ती म्हणाली. धन्यानं ताटातली भाकरी अर्धी टाकून दिली.

सकाळी मी उठून परसात गेले तर धन्या नळाखाली हात धरून बसला होता. भांड्याच्या साबणानं, काथ्यानं बोटं घासत होता. पाणी काळं होऊन वाहत होतं.

"एवढ्या सकाळी काय करतोयस?" मी विचारलं.

"अनूच्या सायकलची चेन पडली होती. ती बसवली," तो मान वर न करता म्हणाला.

अनूची सायकल पायरीपाशीच होती. तीन चाकांची, पुढच्या चाकाला पेडल असलेली. तिला चेनच नव्हती.

मी गॅरेजात जाऊन हात घालून बघितलं. वायर काढलेली होती. मागं पट्टीत खोचलेलीही नव्हती, घाईघाईनं ओढून नुसती लोंबत सोडली होती. ग्रीस फरपटलं होतं.

आण्णा नऊच्या एस.टी.नं आले. फाटकातच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळालं होतं. मलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. संशय मनात घेऊन त्या घरात जेवणं मला जड झालं होतं.

आत्ती व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसली होती. दर्शनाला जायचं म्हणून पांढरी इरकल नेसलेली. अनू पायरीवर बसून चुरमुरे खात होती. राजश्री चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिच्यामागं धन्या.

आण्णा बसले नाहीत. "धन्यकुमार," ते म्हणाले, "गाडी चालू कर बघू."

धन्या जागचा हलला नाही.

"होणार नाही ना? का होणार नाही ते तू सांगतोस, का त्रिशलाला सांगू दे?"

राजश्री ट्रे धरून तशीच उभी. "काय झालं, आण्णा?"

"तुझ्या नवऱ्यानं गाडीची वायर काढलीय. आज सकाळी. आणि गेले कित्येक महिने तो हेच करतोय. हात बघ त्याचे."

धन्यानं हात मागं घेतले नाहीत. नखांच्या कडांत काळं राहिलंच होतं.

"तुम्ही काढलीत?" राजश्रीनं विचारलं.

"हो," धन्या म्हणाला. "मीच काढली."

"कशासाठी?" आण्णा म्हणाले.

"गॅरेजसाठी. दुकानाला जागा पाहिजे होती."

पाठ केल्यासारखं आलं ते उत्तर. आण्णांनी मान हलवली आणि आत्तीकडं वळले. "ऐकलंस, विमल? ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंस त्यानं तुझे पाय काढून घेतले. याला आता वरचा मजला रिकामा करायला सांग. नाहीतर तू माझ्याबरोबर चल. या घरात मी तुला एकटी ठेवणार नाही."

आत्ती इतका वेळ अंगणाकडं बघत होती. तिनं कुबडी खुर्चीला टेकवून ठेवली आणि धन्याकडं पाहिलं. कोर्टात मी तिला एक-दोनदा बघितलं होतं. तोच चेहरा होता.

"धन्या, इथं समोर ये. पहिल्यांदा कधी काढलीस वायर?"

"आत्ती, जाऊ दे ना."

"विचारलेलं सांग. पहिल्यांदा कधी?"

"पहिल्यांदा बंद पडली तेव्हा."

"म्हणजे महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी. मला इस्लामपूरला जायचं होतं. सकाळी गाडी चालू झाली नाही. तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच."

"बेळगावला होतास. टाइल्सच्या ट्रकबरोबर. दोन दिवस आधी गेलास, जयंतीच्या संध्याकाळी आलास. राजश्री, बरोबर?"

राजश्रीनं मान डोलावली. "मी आणि अनू एकट्याच होतो. मिरवणुकीला आत्तींबरोबर गेलो."

"मग त्या सकाळी वायर कुणी काढली, धन्या?"

धन्याचे डोळे भरून आले होते, हे मला तेव्हा दिसलं आणि त्याचा अर्थ लागेना.

"आण्णा," आत्ती म्हणाली, "आजची त्यानं काढली असेल. आधीच्या सगळ्या मी काढल्या."

आण्णा खुर्चीत बसले.

मी म्हणाले, "तू कशी काढशील? खाली झोपावं लागतं."

"तुला लागतं. तुला ती शोधायची होती. मला कुठं आहे ते माहीत आहे. सीटवर बसून डावा हात खांबाखाली घातला की बोटाला लागते. खराब रस्त्याला ती आपोआप सुटायची पूर्वी. एकटीनं फिरायचं, म्हणून न बघता लावायला शिकले होते. लावता येते तशी काढताही येते. रसूलचं नाव खराब व्हायला नको म्हणून तो यायच्या आधी लावून ठेवायचे. काल तू मला न सांगता त्याला आणलंस."

"पण का?"

आत्तीनं उजवा पाय थोडा पुढं केला. हा तिचा चांगला पाय. तिनं वाकून हातातल्या पेल्यातलं गरम पाणी त्या पावलावर ओतलं. सकाळी ती गरम पाणी पीत असे, त्याची वाफ मला दिसत होती. पाऊल हललं नाही.

"काही कळत नाही," ती म्हणाली. "साखरेनं गेलाय. वर्षभर कमी कमी होत होतं. पायाखाली पेडल आहे की नाही, ते खाली बघितल्याशिवाय समजत नाही. कुठलं पेडल आहे तेही."

राजश्रीनं ट्रे खाली ठेवला आणि पदरानं तिचं पाऊल पुसायला वाकली. आत्तीनं तिचा हात धरला.

"थांब. सगळं ऐक आणि मग काय ते कर. अंगणातलं पाण्याचं पिंप पडलं होतं, आठवतं? मी कोर्टातून आले आणि गाडीचा धक्का लागला."

"हो. आपण हसलो होतो."

"अनू त्या पिंपाच्या अलीकडं बसली होती. खडूनं चित्रं काढत. मी ब्रेक दाबला. दाबला असं मला वाटलं. पाय दुसऱ्याच पेडलवर होता. गाडी उसळली. मी जोरात दाबला तशी आणखी उसळली. मग काय होतंय ते कळलं आणि किल्ली बंद करून स्टिअरिंग ओढलं. गाडी पोरीच्या बाजूनं गेली आणि पिंपावर थांबली. ती टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं मी खेळतेय."

अनू पायरीवर चुरमुरे खात होती. स्वतःचं नाव ऐकून तिनं मागं बघितलं.

राजश्री उठली. तिनं अनूला उचलून कडेवर घेतलं, पाठीवर, पायांवर हात फिरवला, जणू आत्ताच काहीतरी घडून गेलंय. मग धन्याला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"गॅलरीतून बघितलं होतं," धन्या म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू एक दिवस इथं राहिली नसतीस. गाडी विकली तर सगळंच मिटेल असं वाटलं, म्हणून पुण्याचा माणूस आणला. आत्तीनं त्याला हाकललं. मग एकदा गॅरेजच्या दारात होतो. आत्ती गाडीत बसली, खाली हात घातला, किल्ली फिरवून बघितली. चालू झाली नाही तशी शांतपणे उतरून आली. तेव्हा मला कळलं, तिनं स्वतःच थांबवलंय. मग मी कशाला बोलू? काल त्रिशलानं वायर लावली आणि कुंभोजचं काढलं. आत्ती नाही म्हणेना. मला वाटलं ती हट्टानं खरंच गाडी काढेल. म्हणून सकाळी मीच ओढली."

"रात्रभर मीही तोच विचार करत होते," आत्ती म्हणाली. "सकाळी काढायला गेले तर आधीच काढलेली. हाताला ग्रीस लागलं तेव्हा कळलं की त्रिशलानं सापळा लावलाय." तिनं डाव्या हाताची बोटं उघडून दाखवली. तिथंही काळं होतं. माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलंच नव्हतं.

राजश्री अनूला घेऊन आत गेली. जिन्यावरून तिची पावलं वाजली, मग दार लावल्याचा आवाज आला.

आण्णांनी कपाळ चोळलं. "विमल, मला सांगायचंस. मी काय परका होतो?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला उचलून न्यायला आला असतास. आजही तेच करायला आलायस. चार वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय, एका पायावर हिचं कसं व्हायचं. एका पायावर सगळं करून दाखवलं. आता तोही गेला, हे कुठल्या तोंडानं सांगू? गाडीला तोंड नाही. तिच्यावर ढकललं." ती धन्याकडं वळली. "पण तू का कबूल झालास रे? आण्णा तुला घराबाहेर काढत होते."

"काढलं असतं तर दुकानात राहिलो असतो की," धन्या म्हणाला.

"आणि मी ते बघत बसले असते?"

"तू बसणार नाहीस हे माहीत होतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "नक्की माहीत नव्हतं."

आत्तीनं त्याचा काळा हात आपल्या काळ्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. आण्णा उठले, धन्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, मधेच थांबले आणि चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. मी थंड झालेला चहा आत नेला.

कुंभोजला त्या दिवशी कुणी गेलं नाही. राजश्री अनूला घेऊन माहेरी गेली, ती पर्युषण संपल्यावर परत आली. आली तेव्हा आत्तीशी बोलत होती, पण अनूला एकटीला खाली सोडत नव्हती. आत्तीनं त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. तिनं डॉक्टर बदलला, साखर सोडली. पायात जाणीव परत आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला बोलावून घेतलं. "येताना पक्कड आण," फोनवर म्हणाली.

मी वायर नीट बसवली. चिमटा घट्ट केला, वरून टेप गुंडाळली, पुन्हा बसल्या जागी बोटानं निघणार नाही अशी. आत्तीनं बाहेरून हात घालून, ओढून खात्री करून घेतली. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि शेजारच्या सीटवर बसली. तिथं बसलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. कुबडी कुठं ठेवायची ते तिला कळेना, शेवटी ती मी मागं ठेवली आणि मागच्या सीटवर बसले.

स्टिअरिंगवर धन्या होता. सोमवारी आत्तीची इस्लामपूरला तारीख होती, बऱ्याच दिवसांनी बाहेरगावची. धन्याला दुकानाचा टेम्पो चालवायची सवय. त्यानं किल्ली फिरवली, दांडा खाली ओढला, गाडी हलली आणि त्याच क्षणी त्याचा डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. रुंद ब्रेक पेडलवर सगळा जोर पडला आणि आम्ही तिघंही पुढं आपटलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आत्तीचा हात डॅशबोर्डवर आदळला. वरच्या गॅलरीत राजश्री अनूला कडेवर घेऊन बघत होती.

"मला नाही जमणार," धन्या म्हणाला. "पाय आपोआप जातो."

"तो सीटखाली ओढून घे," आत्ती म्हणाली. "मागं. आणखी मागं. आता तो नाहीच असं समज."

धन्यानं पाय मागं ओढला.

"अवघड जातं पहिल्यांदा," ती समोर बघत म्हणाली. "मग सवय होते. चल."

गाडी सावकाश अंगणातून निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि धन्यानं ती रस्त्याला वळवली.